गोलरक्षकाची कारकीर्द : झाक प्लांत आणि उभे राहण्याची जागा

जुना_गोलरक्षक (रामबाग, इंदूर)

नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरवली, तेव्हा तिच्या तळाशी माझे १९७४ सालचे हॉकीचे वेताचे पॅड आणि सुतळीची एक गुंडाळी सापडली. पॅडांना कसर लागली आहे, सुतळी मात्र शाबूत आहे. तिच्या बरोबर मध्यावर एक गाठ आहे आणि त्या गाठीला लाल चिंधी बांधलेली आहे. चिमणबागेच्या मैदानावर आमचे प्रशिक्षक तिची दोन टोके गोलच्या दोन खांबांना बांधत, लाल चिंधीची गाठ चेंडूवर ठेवून ताणत आणि मला त्या त्रिकोणात उभे करत. गोलरेषेवर उभा राहिलो की दोन्ही बाजूंची सुतळी हाताला लागत नसे. चेंडूच्या दिशेने चार पावले पुढे गेलो की तीच सुतळी दोन्ही बाजूंनी हाताच्या टप्प्यात येई. प्रशिक्षक फारसे बोलत नसत. सुतळी आणि माझे अंग यांच्यात उरलेल्या जागेकडे बोट दाखवत आणि पुन्हा चेंडू सरकवत.

बर्फावरच्या हॉकीतले गोलरक्षकही याच दोरीने शिकतात, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर तो खेळ बघू लागलो तेव्हा कळले. त्यानंतर त्या खेळातल्या गोलरक्षकांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. सगळ्या वाचनातून माझे एक मत बनले आहे आणि ते तपासून घेण्यासाठीच हा धागा काढतो आहे. गोलरक्षकाचे नाव चपळाईमुळे होते, पण त्याची कारकीर्द किती वर्षे टिकेल हे तो कुठे उभा राहतो यावर ठरते. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कॅनडाचा झाक प्लांत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी मापे देतो. आपल्या मैदानी हॉकीचा गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतो, तर बर्फावरचा ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे ३ इंच व्यासाची आणि १ इंच जाडीची टणक रबराची चकती. तिचे वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे आपल्या हॉकीच्या चेंडूएवढेच. ती फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. ताकदवान खेळाडूचा फटका ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. पंधरा मीटरवरून असा फटका आला तर तो गोलरक्षकापर्यंत पोहोचायला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून हात हलवणे दर वेळी जमणार नाही. म्हणून फटका सुटण्याआधीच योग्य जागी असणे, हेच गोलरक्षकाचे खरे काम.

प्लांतचा जन्म १९२९ चा, क्वेबेक प्रांतातला. शाविनिगन फॉल्स या कारखान्यांच्या गावात तो वाढला. अकरा भावंडांत थोरला, घरात पैशांची ओढाताण. आईकडून विणकाम शिकला आणि स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणू लागला. ती सवय त्याने व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही सोडली नाही. त्याला लहानपणापासून दमा होता. बर्फावर फार वेळ पळता येत नसे म्हणून तो गोलमध्ये उभा राहू लागला. वडिलांच्या कारखान्याच्या संघाकडून खेळताना, वडिलांनी सुचवल्यावरून, त्याने मोबदला मागितला आणि त्याला सामन्यामागे ५० सेंट मिळू लागले. गोलरक्षणाची त्याची पहिली कमाई ती.

पुढे क्वेबेकच्या ज्युनिअर संघात त्याच्या पुढचे बचावपटू कच्चे होते. गोलच्या मागे गेलेला पक त्यांना वेळेवर आणता येत नसे, म्हणून प्लांत स्वतःच गोल सोडून बाहेर जाऊ लागला, पक थांबवू लागला आणि आपल्या माणसाकडे सरकवू लागला. तोवर गोलरक्षकाने आपली चौकट सोडायची नाही, असाच रिवाज होता. आज प्रत्येक गोलरक्षक हे करतो. प्लांतने ते सुरू केले तेव्हा प्रशिक्षकांच्या छातीत धडकी भरत असे.

१९५० च्या दशकात तो उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमधल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा मुख्य गोलरक्षक झाला. या संघाने १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगचे विजेतेपद, जिंकला. असा पराक्रम त्याआधी कोणी केला नव्हता आणि नंतरही कोणाला जमलेला नाही. त्या काळी सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळणारी व्हेझिना ट्रॉफी त्या पाचही वर्षी प्लांतकडे गेली. एकूण सात वेळा ती त्याच्या नावावर आहे.

एका हकिकतीवर मला थोडे थांबायचे आहे. प्लांत म्हणू लागला की काही शहरांतल्या गोलची आडवी दांडी इतरांपेक्षा खाली आहे. लोकांनी ते हरल्याचे निमित्त मानले. त्याचे म्हणणे असे होते की खाली वाकून उभा राहिलो की दांडी पाठीला नेहमीच्या ठिकाणी लागत नाही. शेवटी माप घेतले आणि फरक निघाला. ज्याला पाठीच्या स्पर्शावरून दोन इंचांचा फरक कळतो, त्याला आपली जागा किती पाठ असेल! मी स्वतः कित्येक वर्षे गोलमध्ये उभा राहिलो, पण माझ्या पाठीने मला असे कधी काही सांगितले नाही.

आता मुखवट्याची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या चेहऱ्यावर बसला. नाकापासून ओठापर्यंत कापले गेले आणि सात टाके पडले. त्या काळी संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसे. प्लांत सरावात फायबरग्लासचा मुखवटा वापरत असे, पण नजर अडेल म्हणून प्रशिक्षक टो ब्लेक यांचा सामन्यात त्याला विरोध होता. त्या रात्री प्लांतने सांगितले की मुखवटा घालू दिला तरच मी परत जाईन. ब्लेक यांच्यापुढे इलाज नव्हता. प्लांत मुखवटा घालून उतरला, संघ ३–१ ने जिंकला आणि त्यानंतर सलग १८ सामने हरला नाही. पुढच्या मार्चमध्ये ब्लेक यांच्या आग्रहावरून त्याने एका सामन्यापुरता मुखवटा काढला. तो सामना ०–३ असा गेला आणि मुखवट्याचा वाद तिथेच मिटला.

१९६२ मध्ये त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली. १९६३ मध्ये त्याला रेंजर्सकडे पाठवण्यात आले आणि १९६५ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण माझ्या मताचा खरा पुरावा इथून पुढे आहे. १९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूज या नव्या संघाने त्याला बोलावले. त्या हंगामात त्याने वयाची चाळिशी ओलांडली आणि ग्लेन हॉलच्या जोडीने पुन्हा व्हेझिना जिंकली. १९७०–७१ मध्ये टोरांटोकडून खेळताना, ४२ व्या वर्षी, त्याने सामन्यामागे सरासरी १.८८ गोल स्वीकारले आणि ती त्या हंगामातली लीगमधली सर्वांत कमी सरासरी होती. बेचाळिशीत हात विशीतल्यासारखे चालत नाहीत, हे सांगायला वैद्य नको. मग तो चालला कशावर? माझे उत्तर मी वर दिले आहे. तुमचे ऐकायला उत्सुक आहे.

छत्रीबाग_वाचक

काका, लेख फार आवडला. दमा असलेला मुलगा गोलरक्षक होतो आणि चाळिशीनंतरही खेळतो, हे मला अजिबात माहीत नव्हते.

एक शंका मात्र आहे. मुखवट्याला विरोध होता तो केवळ नजर अडेल या भीतीमुळे होता का? मी जेवढे वाचले आहे त्यावरून मला वाटते की मुखवटा घालणे हे भित्रेपणाचे लक्षण समजले जात होते. प्लांतच्या आधीही, १९३० मध्ये, क्लिंट बेनेडिक्ट याने चेहऱ्याला इजा झाल्यावर चामड्याचा मुखवटा थोडे दिवस वापरला होता, पण ती प्रथा पडली नाही. तुम्ही ज्या ग्लेन हॉलचा उल्लेख केला, तो १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने, एकही न चुकवता आणि मुखवटा न घालता खेळला. प्रत्येक सामन्याआधी त्याला उलटी होत असे आणि तरीही तो वेळेवर बर्फावर उतरत असे. टेरी सॉचक याने कारकिर्दीत १०३ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. तो विक्रम २००९ पर्यंत टिकला. त्याच्या चेहऱ्यावर शेकडो टाके पडले होते आणि १९७० मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. मुखवट्याविना खेळणारा शेवटचा गोलरक्षक या लीगमध्ये १९७४ पर्यंत होता, म्हणजे प्लांतच्या त्या रात्रीनंतरही पंधरा वर्षे.

या लोकांच्या बाबतीत निव्वळ जागेचा हिशेब पुरेसा आहे, असे मला वाटत नाही. सहन करण्याची ताकद हाही त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग होता.

जुना_गोलरक्षक

आपला मुद्दा मान्य आहे. भित्रेपणाचा शिक्का बसण्याची भीती होतीच आणि ती खेळाडूंच्या मनातही होती. पण या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. ज्याला चेहऱ्याची भीती असते तो फटक्याच्या क्षणी मान वळवतो आणि मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की जागा सुटते. हे मी स्वतःवरून सांगतो. १९७६ मध्ये एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात चेंडू माझ्या डाव्या गालावर बसला. हाड तडकले, सहा आठवडे पातळ अन्नावर काढले. आयोजकांकडे मैदानावर साधा बर्फही नव्हता. बरा होऊन परत उतरलो तेव्हा पाय तेच होते, दोरीने शिकवलेली जागाही पाठ होती, पण फटका येताना माझी हनुवटी उजवीकडे जात असे. प्रशिक्षकांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले. त्यानंतर मी दोनच हंगाम खेळलो. आपल्याकडे तेव्हा गोलरक्षकाला शिरस्त्राण मिळाले असते तर किती वर्षे खेळलो असतो, हा विचार आजही मनात येतो. म्हणून प्लांतच्या मुखवट्याला मी त्याच्या जागेच्या विद्येचाच भाग मानतो. त्याने चेहरा झाकला तो चेहरा समोर ठेवता यावा म्हणून.

मे १९७० मधली एक गोष्ट वर राहून गेली. स्टॅनले कपच्या अंतिम मालिकेत बोस्टनविरुद्ध एक फटका वाटेत काठीला लागून दिशा बदलून आला आणि प्लांतच्या मुखवट्यावर आदळला. मुखवटा फुटला, तो बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर आपण वाचलो नसतो, असे त्याने नंतर सांगितले. त्यानंतरच्या हंगामातली सरासरी म्हणजेच ती १.८८.

महूकर

गोलरक्षकांचा विषय इंदुरात निघाला आहे आणि आमच्या महूचे शंकर लक्ष्मण यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, म्हणून लिहितो.

जन्म १९३३, महूचा. लहान वयात सैन्यात गेले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत त्यांनी नोकरी केली. १९५६ मेलबर्न, १९६० रोम आणि १९६४ टोकियो अशा तीन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यांत ते भारताचे गोलरक्षक होते आणि तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता. मेलबर्नला भारताने १–० असा विजय मिळवला आणि त्या संपूर्ण स्पर्धेत आपल्या संघावर एकही गोल झाला नाही. रोमला ०–१ असा पराभव झाला. टोकियोला पुन्हा १–० ने सुवर्णपदक परत आणले. तीन अंतिम सामन्यांत मिळून केवळ एक गोल! १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते संघाचे कर्णधार होते आणि सुवर्ण घेऊन आले. गोलरक्षकाकडे देशाचे कर्णधारपद जाणे हीच त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती. १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९६७ मध्ये पद्मश्री.

आणि हे सर्व चेहऱ्यावर काहीही न घालता. पायाला पॅड, हातात मोजे आणि काठी.

माझे वडील त्यांना छावणीत सायकलवरून जाताना पाहत असत. ओळख करून घ्यायचा धीर त्यांना कधी झाला नाही. १९७९ मध्ये कॅप्टनच्या मानद हुद्द्यावरून ते निवृत्त झाले आणि महूतच राहिले. २००६ मध्ये पायाच्या गँगरीनने त्यांचे निधन झाले. ज्या पायांनी तीन ऑलिम्पिक अंतिम सामने अडवून धरले त्याच पायाने त्यांना नेले, हे मला आजही सहन होत नाही. प्लांतला निवृत्तीनंतर संघांनी पुन्हा पुन्हा बोलावून घेतले, तरुण गोलरक्षक त्याच्या हाताखाली दिले. लक्ष्मण यांच्याजवळ जे ज्ञान होते ते शिकून घ्यायला महूच्या त्या घरी आपण किती मुले पाठवली? गोलरक्षकाची कारकीर्द मोजताना हाही हिशेब धरायला हवा.

मालवकन्या (ऑन्टारियो)

जुना_गोलरक्षक काका, मी मूळची स्नेहलतागंजची. गेली एकोणीस वर्षे टोरांटोजवळ राहते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि सहा वर्षांपासून बर्फावर गोलरक्षक आहे, त्यामुळे हा धागा मी दोनदा वाचला.

जागेविषयी तुम्ही लिहिले ते मी दर शनिवारी सकाळी साडेसहाला डोळ्यांनी बघते. अंगावर साज चढवायलाच वीस-पंचवीस मिनिटे लागतात. आधी बर्फाचे बूट, ज्यांचे पाते इतर खेळाडूंच्या पात्यापेक्षा सपाट आणि जमिनीलगत असते. मग पॅड, मग छातीचे कवच. एका हातात पकडायचा मोठा मोजा, दुसऱ्यात फटका अडवायची सपाट ढाल, तिला इथे ब्लॉकर म्हणतात. बर्फावर गेल्यावर ती सर्वांत आधी काय करते? गोलपुढच्या निळ्या अर्धवर्तुळात पाते आडवे घासत पुढे-मागे सरकते आणि गुळगुळीत बर्फ खरवडून काढते, म्हणजे पाय हवा तिथे रोवता येतो. आणि खेळ सुरू असताना ती मान न वळवता काठीच्या टोकाने डावा खांब, मग उजवा खांब हलकेच ठोकते. मी पहिल्या वर्षी विचारले की ही काय सवय आहे. तिने सांगितले, "आई, मागे गोल आहे, मला दिसत नाही, म्हणून हात लावून बघते." तुमच्या प्लांतची पाठ आणि हिची काठी एकच काम करत आहेत.

मुलांच्या कारकिर्दीविषयी पालक म्हणून जे समजले ते सांगते, कारण बाहेरून ते दिसत नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक सामन्यात संघाचे दोन गोलरक्षक पोशाखात असतात. म्हणजे संपूर्ण लीगमध्ये जागा साधारण चौसष्ट, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचे काम बहुतेक रात्री बाकावर बसून दार उघडणे-मिटणे हेच असते. आघाडीचा चांगला खेळाडू विशीत लीगमध्ये येतो. गोलरक्षक मात्र खालच्या लीगमध्ये, बसच्या प्रवासात, चार-पाच वर्षे काढतो. त्याला पिकायला वेळ लागतो हे संघांनाही ठाऊक आहे, म्हणून संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या वेळी त्याच्यावर लवकर पैसा लावायला ते कचरतात. स्वीडनचा हेन्रिक लुंडक्विस्ट २००० च्या निवडीत २०५ वा होता आणि पुढे न्यूयॉर्क रेंजर्ससाठी त्याने ४५९ सामने जिंकले. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला, कित्येक वर्षे फिनलंड-स्वीडनमध्ये खेळला, पस्तिसाव्या वर्षी त्याला पहिली व्हेझिना मिळाली आणि ३७ व्या वर्षी, २०११ मध्ये, त्याने बोस्टनला स्टॅनले कप जिंकून दिला.

मुलींसाठी वाट अजून नवी आहे. १९९२ मध्ये मानों रेओम ही टॅम्पा बे संघाकडून एका सराव सामन्याच्या पहिल्या सत्रात गोलमध्ये उभी राहिली, नऊ फटक्यांपैकी सात तिने अडवले. पुरुषांच्या या लीगच्या संघाकडून खेळणारी ती पहिली स्त्री. महिलांची नवी व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि माझ्या मुलीच्या खोलीतली चित्रे त्या महिन्यापासून बदलली.

मला काळजी वाटते ती खुब्याच्या सांध्यांची. आता बहुतेक गोलरक्षक गुडघे आत वळवून दोन्ही पाय बाजूंना फाकतात आणि खालचा भाग झाकतात. या पद्धतीला फुलपाखरू म्हणतात. ग्लेन हॉलपासून तिची सुरुवात मानली जाते आणि पॅट्रिक रॉयने १९८० च्या दशकानंतर ती सर्वमान्य केली. दिसायला सुंदर आहे. पण एका सरावात मुलगी कितीदा अशी खाली जाते ते मी मोजायला बसले आणि शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले.

तर्कसंगत

सर्वांचा आदर ठेवून मूळ मताला विरोध नोंदवतो.

जागाच सर्वस्व असेल तर डॉमिनिक हाशेक कोण? चेक देशाचा हा गोलरक्षक जागेचे सर्व नियम मोडत असे. बर्फावर लोळत असे, पाठीवर पडून पाय वर फेकत असे, काठी सोडून देऊन रिकाम्या हाताने पक दाबत असे. त्याचे काय झाले? १९८३ मध्ये शिकागोने त्याला दहाव्या फेरीत निवडले, तो अमेरिकेत आला १९९० मध्ये आणि त्याला पहिली व्हेझिना मिळाली १९९४ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी. नंतर आणखी पाच मिळाल्या. १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि हार्ट ट्रॉफी दोनदा जिंकणारा दुसरा गोलरक्षक नाही. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये उपांत्य सामन्यात, बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये, कॅनडाचे पाचही फटके त्याने एकट्याने अडवले आणि अंतिम सामन्यात रशियाला १–० ने हरवून चेक संघाने सुवर्ण नेले. तो ४३ व्या वर्षापर्यंत या लीगमध्ये खेळला. चपळाई आणि लवचिकता यांवर कारकीर्द टिकत नाही, हे विधान हाशेकपुढे उभे राहत नाही.

जुना_गोलरक्षक

तर्कसंगत, हाशेकचे नाव निघेल याची कल्पना होती आणि त्यावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. त्याचे नागानोचे ते पाच फटके मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. प्रत्येक वेळी एक गोष्ट दिसते. समोरचा खेळाडू पक घेऊन येतो तेव्हा हाशेक आधी गोलच्या बाहेर येतो आणि त्याच्या वेगाशी आपला वेग जुळवत मागे सरकतो. लोळणे, पाय फेकणे हे शेवटच्या अर्ध्या सेकंदातले आहे. म्हणजे सुतळीच्या त्रिकोणातून तोही जातोच, फक्त त्रिकोण भरण्याची त्याची रीत निराळी आहे. तरीही त्याच्या पाठीचा कणा ज्या तऱ्हेने वाकतो ते शिकवून येणारे नाही. तेव्हा माझे विधान मी एवढे सुधारतो की जागेच्या ज्ञानावर कारकीर्द टिकवणे बहुतेकांच्या हातात असते, हाशेकसारखे शरीर मिळणे कोणाच्याच हातात नसते.

महूकर, आपल्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. १९७५ च्या सुमारास लक्ष्मण साहेब एका सामन्याला आले होते असे आमच्या संघात बोलले जात होते, पण मी गोलमधून बाहेर जाऊन पाहिले नाही आणि सामन्यानंतर गेलोही नाही. प्लांतने जे पुढे दिले त्याची एकच गोष्ट सांगतो. टोरांटोत त्याच्या जोडीला बर्नी पेरेंट नावाचा तरुण गोलरक्षक आला. प्लांतने त्याला कोन शिकवले, पाय कसा ठेवायचा ते शिकवले, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या फटक्याच्या सवयी सांगितल्या. पेरेंटने पुढे १९७४ आणि १९७५ अशी दोन वर्षे फिलाडेल्फियाला स्टॅनले कप जिंकून दिला आणि दोन्ही वेळा अंतिम फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या दोन कपांत प्लांतचा वाटा कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. प्लांत स्वतः १९७४–७५ मध्ये एडमंटनकडून अखेरचा हंगाम खेळला आणि १९८६ मध्ये जिनिव्हात वारला.

मालवकन्या ताई, आपल्या मुलीला माझे आशीर्वाद. तिने खांब ठोकणे कधीही सोडू नये.

मनोरमागंज_वैद्य

कारकीर्द किती लहान असू शकते याचेही एक उदाहरण नोंदवतो, कारण माझ्या व्यवसायामुळे ते मला विशेष जवळचे वाटते. डेव्हिड एअर्स या माणसाला २००४ मध्ये आईने मूत्रपिंड दिले. तो टोरांटोत बर्फ सपाट करणाऱ्या झांबोनी यंत्राचा चालक होता आणि आपत्कालीन गोलरक्षक म्हणून त्याचे नाव यादीत होते. २२ फेब्रुवारी २०२० रोजी कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि ४२ वर्षांचा एअर्स गोलमध्ये उतरला. पहिले दोन्ही फटके गोल झाले. त्यानंतरचे आठही त्याने अडवले आणि संघ ६–३ ने जिंकला.

पहिल्या दोन गोलनंतर त्याच्या मनात काय चालले असेल, याचा मी विचार करतो. छत्रीबाग_वाचक यांनी सहनशक्तीचा मुद्दा मांडला होता, तो मला इथे पटतो. झालेला गोल मनातून बाजूला ठेवून पुढच्या फटक्यासाठी पुन्हा त्याच जागी येणे, हे शरीरापेक्षा मनाला जड जाते. लुंडक्विस्टला २०२१ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळ सोडावा लागला. तेव्हा त्याचा हात अजून चांगला चालत होता.

खंडवारोड_प्रशिक्षक

मी शाळकरी मुलींना मैदानी हॉकी शिकवतो. संघात दोन गोलरक्षक मुली आहेत, दोघींनाही शिरस्त्राण आहे, पण दोघी गोलरेषेला चिकटून उभ्या राहतात. पुढे यायला सांगितले की येतात आणि चेंडू आला की मागे पळतात. काका, तुमच्या सुतळीचे माप आणि रीत सविस्तर सांगाल का?

जुना_गोलरक्षक

आनंदाने सांगतो.

काल अंगणात सुतळी उलगडून मोजली. ती साडेतीस मीटर भरली. हिशेब असा आहे. आपला गोल ३.६६ मीटर रुंद, आणि चेंडू डीच्या, म्हणजे गोलपुढच्या मोठ्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर गोलच्या बरोबर समोर ठेवला तर तो गोलरेषेपासून १४.६३ मीटर दूर असतो. तिथून प्रत्येक खांबापर्यंत पावणेपंधरा मीटरच्या आसपास अंतर होते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साडेएकोणतीस, आणि उरलेली गाठींसाठी. मुलगी गोलरेषेवर असताना तिला ३.६६ मीटरची रुंदी राखायची असते. तीन मीटर पुढे आली की तीच रुंदी २.९ मीटर होते, पाच मीटर पुढे आली की २.४. हे आकडे मुलींना सांगू नका, त्यांना सुतळी हाताने धरून बघू द्या.

सुरुवातीला चेंडू मारूच नये. गाठ चेंडूवर ठेवून तो डावीकडे, उजवीकडे, मग डीच्या कडेकडे, सुतळी पुरेल तिथवरच, सरकवत जावे आणि प्रत्येक ठिकाणी मुलीने दोन्ही सुतळ्यांपासून सारख्या अंतरावर उभे राहावे. कडेच्या कोनातून गोल किती अरुंद होतो ते तिला तिथेच दिसेल. चेंडू गोलच्या जवळ आला की सुतळी सैल पडेल, ती चेंडूपाशी गुंडाळून पुन्हा ताणावी. आठ-दहा दिवसांनी सुतळी सोडावी, मुलीला डोळे मिटून गोलरेषेवरून पुढे यायला सांगावे आणि ती थांबली की सुतळी बांधून ती कुठे आली ते दाखवावे. मागे पळण्याची खोड बहुधा इथे सुटते, कारण पुढे आल्यावर आपल्या मागे किती कमी जागा उघडी आहे ते तिला स्वतःला कळलेले असते. शिरस्त्राण सरावातही डोक्यावर असू द्यावे, सुतळीच्या सरावातसुद्धा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी चिमणबागेत येऊ शकतो. दोघींना घेऊन या. सुतळी मी आणतो, नवी नायलॉनची दोरीही घेऊन ठेवली आहे. तिच्या मध्यावर लाल चिंधी बांधायची राहिली आहे, ती आज बांधतो.